जुन्या गाडीचा धूर आणि पीयूसीची परीक्षा



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या भागातल्या जुन्या गाड्या पुन्हा रस्त्याला लागतात. पावसाळाभर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली व्हॅन झटकून बाहेर काढली जाते. तोडणीच्या मजुरांचा किराणा, दुधाचे कॅन, नागपूरच्या कळमना बाजारात जायचा भाजीपाला, शाळेची पोरं, सगळं तिच्यातच. आणि नेमकं त्याच वेळी ध्यानात येतं की पीयूसीची मुदत केव्हाच संपली. मग कोणी म्हणतो, "गाडी जुनी झाली भाऊ, आता हे काही पास होत नाही." दुसरा म्हणतो, "इंजिन खोलावं लागते." तिसरा त्याहून हुशार, तो म्हणतो, "गाडी कायले नेता? नंबर प्लेटचा फोटो पाठवा, कागद घरी येते."

या तिघांपैकी एकाचंही ऐकू नये, असं आमचं म्हणणं आहे. का, ते थोडं खुलासेवार सांगतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ खाली ही तपासणी होते. नव्या गाडीला पहिलं एक वर्ष प्रमाणपत्र लागत नाही, त्यानंतर ते कायम जवळ असावं लागतं. भारत स्टेज ४ आणि ६ च्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. आपली गाडी कोणत्या स्टेजची हे आर.सी.वर लिहिलेलं असतं. तिथं सापडलं नाही तर साधारण हिशेब असा: भारत स्टेज २ देशभर लागू झालं एप्रिल २००५ मध्ये, स्टेज ३ सन २०१० मध्ये, स्टेज ४ एप्रिल २०१७ मध्ये आणि स्टेज ६ एप्रिल २०२० मध्ये. मोठ्या शहरांत यातले काही टप्पे आधीच आले होते आणि काही कंपन्या पुढच्या स्टेजची गाडी सगळीकडेच विकत होत्या. म्हणून सालावरून अंदाज बांधण्यापेक्षा आर.सी. पाहिलेली बरी.

प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होतं. रस्त्यावरची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. ती कमी असली तरी दुधाच्या एका फेरीची कमाई तिच्यात जातेच.

आता मुख्य गोष्ट. जुन्या गाडीला ही परीक्षा मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. डिझेल गाडीचा धूर मोजायचं माप आहे हार्ट्रिज. धूर एका ठरावीक लांबीच्या नळीतून नेतात, एका टोकाकडून उजेड सोडतात आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजतात. शंभरातला पन्नास भाग उजेड धुरानं अडवला तर रीडिंग ५०. भारत स्टेज ४ च्या डिझेल गाडीला मर्यादा ५० आहे, आणि त्याआधीच्या सगळ्या जुन्या गाड्यांना ६५. काही यंत्रांवर हाच आकडा दुसऱ्या मापात येतो. तिथं स्टेज ४ ला १.६२ आणि जुन्या गाडीला २.४५ ही मर्यादा समजावी. म्हणजे तीनात दोन भाग उजेड अडेपर्यंत कायदा जुन्या गाडीला सांभाळून घेतो. इतक्या सवलतीतही गाडी नापास होत असेल तर तो तिच्या वयाचा दोष नसतो. तिला काहीतरी दुखणं आहे, आणि बहुतेक वेळा ते स्वस्तातलं दुखणं असतं.

दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद झाल्या, आता आपल्याकडेही होणार, अशी भीती गावोगावी घातली जाते. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा तो हुकूम राजधानी क्षेत्रापुरता होता. आपल्या एम.एच. ३६ च्या गाडीला तो लागू नाही. इथं खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. हा खर्च आहे खरा, पण म्हणून भंगारवाल्याच्या भावानं गाडी देऊन टाकायचं कारण नाही.

धूर काळा का होतो

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. चुलवाणात एकदम चिपाडं कोंबली की धुराड्यातून काळा लोट निघतो आणि कढईखालची आंच उलट मंदावते. हात आवरून बेताबेतानं चिपाड सारलं की धूर विरळ होतो आणि रस उसळ्या मारतो. कारखान्याच्या बॉयलरचंही तेच. बगॅस ओलं आलं किंवा हवा कमी पडली की चिमणीच सांगते.

डिझेलचंही तसंच आहे. एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हवेचं वजन आपल्याला जाणवत नाही म्हणून दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो: आठ फूट लांब, सात फूट रुंद आणि साडेसात फूट उंच खोलीत जेवढी हवा मावते, साधारण तेवढी. इतकी हवा एका किलो डिझेलसाठी इंजिनाला ओढावी लागते. तिच्या वाटेत अडथळा आला, किंवा डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबानं पडलं, की ते अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते. सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर म्हणजे आपण पंपावर पैसे देऊन भरलेलं, पण कामाला न आलेलं डिझेल. म्हणून ज्या गाडीचं रीडिंग उतरतं तिचं अ‍ॅव्हरेजही बहुधा सुधारतं.

धुराचा रंगही ओळखून घ्यावा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं तर हेड गॅस्केट पाहावं. रिंगा गेलेल्या गाडीला मात्र खाली सांगितलेल्या स्वस्त उपायांनी फार फरक पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथं इंजिनकामाला पर्याय नाही.

डिझेल व्हॅन: कोणतं काम आधी

आमच्या यंत्रशाळेचा नियम आहे की स्वस्त काम आधी, महाग काम शेवटी. मिस्त्री लोक पुष्कळदा उलट्या टोकानं सुरुवात करतात.

सगळ्यात आधी एअर फिल्टर. आपला जिल्हा धानाचा. दिवाळीच्या आगेमागे मळणी सुरू झाली की हवेत भुशाची आणि मातीची धूळ इतकी असते की एरवी दोन हंगाम टिकणारा फिल्टर महिन्याभरात चोंदतो. कागदी फिल्टर काढून उन्हात धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा घालावा. वरवर हवा मारून तोच बसवण्यात शहाणपण नाही, कारण जोराच्या हवेनं कागद फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. जुन्या जीप-ट्रॅक्ससारख्या गाड्यांत तेलाच्या वाटीचा फिल्टर असतो. त्यातली जाळी डिझेलनं धुऊन, वाटीत खुणेपर्यंतच तेल भरावं. खुणेच्या वर भरलं तर तेच तेल इंजिनात ओढलं जातं आणि धूर वाढतो. आमच्या पाहण्यात एक डिझेल व्हॅन अशी आली होती की तिला "इंजिन बांधा" असं सांगून मोकळे झाले होते. फिल्टरच्या डब्यात उंदरानं धानाच्या पेंढ्याचं घरटं केलेलं निघालं! पावसाळाभर उभ्या गाडीत हे नवल नाही.

त्यानंतर डिझेल फिल्टर बदलावा आणि त्याच्या तळाचं पाणी सोडून द्यावं. टॅपेटची फट मोजून घ्यावी. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप कुठं तडकला आहे का ते पाहावं. तिथं हवा निसटली की पिकअप जातो आणि काळा धूर येतो, आणि दोष पंपाला दिला जातो. ई.जी.आर. व्हॉल्व्ह असेल तर त्यात काजळीचा थर साचून तो उघडाच अडकलेला असू शकतो. तो काढून साफ करून घेता येतो. पत्रा घालून कायमचा बंद करण्याची पद्धत आहे, ती आम्हाला मान्य नाही. डोळ्याला दिसणारा धूर त्यानं कमी होतो, पण न दिसणारा विषारी वायू वाढतो.

एवढ्यानं भागलं नाही तर नोझल. नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात तपासणीच्या हातपंपावर लावायला सांगावं, आणि शक्य असेल तर स्वतः उभं राहून पाहावं. ठरलेल्या दाबाला झटक्यात उघडून धुक्यासारखा बारीक फवारा उडाला पाहिजे आणि लगेच तुटला पाहिजे. टोकाशी थेंब लोंबकळत असेल किंवा पिचकारीसारखी सरळ धार येत असेल, तर ते नोझल काळ्या धुराचं मूळ समजावं. हात मात्र फवाऱ्यापासून दूर ठेवावा, तो दाब कातडी भेदून आत शिरतो. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल गाडीचे इंजेक्टर या हातपंपावर तपासता येत नाहीत. त्याला वेगळी यंत्रणा लागते.

शेवटी पंपाचं टायमिंग आणि कॅलिब्रेशन. पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती सुटावं हे ठरवणारा सीलबंद स्क्रू असतो. "पिकअप वाढवून देतो" म्हणून रस्त्याकडेचा कारागीर तो फिरवतो. त्यानं डिझेल जास्त सुटतं, हवा मात्र तेवढीच राहते. चढावर गाडी थोडी उसळते खरी, पण मागचा माणूस काळा होतो आणि टाकी लवकर रिकामी होते. पीयूसीच्या आदल्या दिवशी हाच स्क्रू आवळायचा, कागद मिळाला की पुन्हा सैल करायचा, हा धंदाही चालतो. पंप एकदा बेंचवर मापानं लावून सील करून घ्यावा आणि मग त्याला कोणाचा हात लागू देऊ नये.

डिझेलमध्ये रॉकेल टाकलं की धूर कमी होतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पातळ, त्यानं पंप झिजतो. शिवाय ती भेसळ आहे, गुन्हा आहे.

पेट्रोल व्हॅन

पेट्रोल गाडीचा धूर डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. तिथं यंत्र दोन गोष्टी मोजतं: कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन. गाडी स्लोवर ठेवून सायलेन्सरमध्ये निदान ३० सेंटीमीटर आत नळी घालतात. अगदी जुन्या, भारत स्टेजच्या आधीच्या चारचाकीला मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्षात १५०० भाग चालतो. स्टेज २ आणि ३ ला अर्धा टक्का आणि ७५०. स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २००. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांना याखेरीज रेस करून हवा-पेट्रोलचं प्रमाणही पाहतात.

मोनॉक्साइड जास्त आला तर मिक्श्चर घट्ट आहे असं समजावं. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पूर्ण उघडतोय का, फिल्टर चोंदला का, कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी बरोबर आहे का हे पाहावं. नंतर स्लोचा स्क्रू तपासणीच्या यंत्राची नळी लावून फिरवावा, नुसत्या कानानं नव्हे. हायड्रोकार्बन जास्त आला तर ठिणगी चुकतेय. प्लग, प्लगच्या वायरी, टायमिंग, आणि कुठं व्हॅक्यूमचा पाइप निसटलाय का ते पाहावं. चुकती ठिणगी फार दिवस चालू दिली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा डबा आतून वितळतो.

आता इथं आपल्या धंद्याशी संबंध येतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि ते आपल्याच मळीतून, उसाच्या रसातून, तसंच तांदूळ-मक्यातून तयार होतं. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. ऊस उत्पादकाच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. पण बाजूचे आहोत म्हणून जुन्या गाडीवाल्यापासून काही लपवायचं नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीचं मिक्श्चर पातळ होतं. मोनॉक्साइड कमी येतो, पण पहाटे गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि स्लोवर ठिणगी चुकू शकते, म्हणजे हायड्रोकार्बन वाढतो. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून पेट्रोल फिल्टर लवकर बदलावा. जुने रबरी पाइप मऊ पडतात किंवा तडकतात, ते बोटानं दाबून पाहावेत. आणि इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्ध्या टाकीनं चार महिने उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये पाणी तळाशी उतरू शकतं. तसली गाडी थेट तपासणीला नेऊ नये. जुनं पेट्रोल काढून ताजं भरावं.

मारुती व्हॅनवाल्यांना एक वेगळी सूचना. त्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा इंजिनावरच्या झाकणाचं रबर कुजलं तर धुराडं थेट माणसं बसतात तिथंच उघडतं. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिवाळ्यात काचा बंद करून शाळेची पोरं नेताना पोरांचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो गाडी लागली. मीटरवर गाडी पास झाली तरी ही गळती तिथं दिसेलच असं नाही, उलट गळतीमुळे सायलेन्सरच्या टोकाशी धूर कमी येतो. म्हणून तपासणीआधी गाडी चालू करून, सायलेन्सरच्या तोंडाला क्षणभर जाड कापड धरून, आतून फुसफुस ऐकू येते का ते पाहावं. घरगुती सिलिंडर लावून व्हॅन चालवण्याबद्दल आम्ही एवढंच म्हणतो की ते बेकायदा आहे आणि त्यानं माणसं जळून मेली आहेत.

तपासणीच्या दिवशी

थंड इंजिन घेऊन जाऊ नये. नियमाप्रमाणे डिझेल गाडीचं ऑइल किमान ६० अंशांपर्यंत तापलेलं हवं. पौषातल्या सकाळी घरून निघून दोन किलोमीटरवरच्या केंद्रावर गेलात तर ते तापत नाही. दुपारची वेळ धरावी आणि आधी महामार्गावर पंधरा-वीस किलोमीटर गाडी खालच्या गिअरमध्ये जरा ओढून चालवावी. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळीचे थर असतात, ते मोकळे होतात. नाहीतर तपासणीत पहिल्याच रेसला सगळी साठलेली काजळी यंत्रात जाते आणि आकडा खोटाच फुगतो.

डिझेल तपासणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल एकदम पुरतं दाबून सोडतात, असं अनेक वेळा, आणि स्थिर आलेल्या रीडिंगची सरासरी धरतात. झिजलेल्या गाडीला हा ताण असतो. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे त्याचा बेल्ट बदलायचा राहिला असेल तर आधी बदलावा. ऑइलची पातळी आणि पाणी पाहूनच आत जावं. बेल्ट रेसमध्ये तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग पीयूसीच्या फीपेक्षा फार मोठं बिल होतं.

गाडी न नेता फोटोवर मिळणाऱ्या कागदाबद्दल. प्रमाणपत्राची नोंद आता परिवहन खात्याच्या संगणकात जाते, त्यामुळे कागद खरा दिसतो हे कबूल. पण त्यावरचा आकडा तुमच्या गाडीचा नसतो. पैसे जातात आणि नोझल गळतंय की फिल्टर चोंदलाय हे कळायची सहा महिन्यांतली एकमेव संधीही जाते. रस्त्यात अधिकाऱ्यानं डोळ्यांनी धूर पाहिला तर तो पुन्हा तपासणीला पाठवू शकतो, तो भाग वेगळा.

नापास झालात तर तिथं वाद घालत बसू नये, आकडा मागून घ्यावा. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे नापास गाडीला तसा कागद द्यायचा असतो. तो घेऊन मिस्त्रीकडं जावं. "धूर मारते" असं सांगण्यात आणि "रीडिंग ७८ आलं, ६५ च्या खाली पाहिजे" असं सांगण्यात फरक आहे. एक काम करून घ्यावं, पुन्हा मोजावं, मग गरज असली तर दुसरं. सगळी कामं एकदम केली तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही.

पास झाल्यावरही प्रमाणपत्रावरचा आकडा डिझेलच्या वहीत, किलोमीटरच्या रकान्याशेजारी लिहून ठेवावा. मागच्या खेपेला ३८, या खेपेला ५१ असं चढत गेलेलं दिसलं तर गाडी अजून पास आहे तरी नोझल याच हंगामाआधी काढावं. फेब्रुवारीत ऊस शेतात उभा असताना काढायची वेळ आणू नये.